शिंपल्यांच्या खिडक्यांचं घर

बेळगावहून चोर्ला घाटाने उतरलं की तीन-साडेतीन तासांत पणजी. आपल्यापैकी बहुतेकांचा गोवा म्हणजे मंगेशी-शांतादुर्गेचं दर्शन, कळंगुटची गर्दी आणि परतताना काजू. यंदा आईच्या गुडघ्यांमुळे शांत जागा हवी होती, म्हणून मिरामार आणि दोनापावला यांच्या मधल्या करंजाळ्यात तीन दिवस राहिलो. सुरूच्या झाडांची रांग, पुढे वाळू, खाडीपलीकडे आग्वादचा किल्ला. सकाळी रापणीचं जाळं ओढणारे कोळी आणि संध्याकाळी फिरायला येणारे निवृत्त लोक, एवढीच काय ती वर्दळ.

उतरलो ते आतल्या गल्लीतल्या जुन्या घरात. खोल्या पाचच. जाहिरातीत ‘डिझाइन गेस्टहाउस’ असं लिहिलेलं वाचून मला आधी शंकाच आली. हल्ली दोन समया आणि एक झोपाळा मांडला की भाडं दुप्पट होतं!

पण पहिल्याच दुपारी खिडकीने मला गप्प केलं. काच महाग होती त्या काळात गोव्यात खिडक्यांना चपट्या शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवत. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकाशेजारी एक सरकवलेले. ऊन त्यातून गाळून दुधासारखं आत येतं. उजेड भरपूर, चटका नाही, आणि बाहेरच्याला आतलं दिसतही नाही. खोलीत पडदाच नव्हता, लागतही नव्हता. भिंती जाड चिऱ्याच्या, छप्पर उंच, वर मंगळुरी कौलं. ही कौलं बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यावर किनाऱ्याने सगळीकडे पसरली; त्याआधी नळीची कौलं असत. एसी होता, तो आम्ही लावलाच नाही.

दाराबाहेर बलकांव, म्हणजे पायऱ्या चढून आलं की दोन्ही बाजूंना दगडी बैठका. गोव्यातल्या हिंदू घरांचं मन आतल्या राजांगणात, तुळशीपाशी रमतं. ख्रिस्ती घरं रस्त्याकडे तोंड करून बसतात. मालकीणबाई सत्तरीच्या. “येयात, बसात,” म्हणाल्या आणि आई जी बसली ती जेवायलाच उठली. एक कोंकणीत बोले, दुसरी बेळगावी मराठीत. कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते न्हाणीघरात. तिथे नव्या वास्तुरचनाकाराचा हात फिरला होता. जमीन, भिंत, पायरी सगळं एकाच राखाडी रंगाचं गुळगुळीत सिमेंट, त्यामुळे पायरी कुठे संपते ते कळेना. तांब्याचा नळ सुंदर, पण साबणाच्या हाताने फिरत नाही. धरायला काही नाही. आई म्हणाली, “दिसायला देखणं आहे गं, पण पाय टाकायला भीती वाटते.” माझ्या मते साठीपुढच्या माणसाला आंघोळ करता येत नसेल, तर त्या खोलीला डिझाइन म्हणूच नये.

मालकीणबाईंना सांगितलं, तर त्यांनी आईला सरळ मागच्या बाजूला नेलं. घराच्या मागच्या दोन खोल्यांत त्या स्वतः राहतात. तिथली मोरी जुनी, खडबडीत फरशीची, भिंतीला लोखंडी कडी. उरलेले दोन दिवस आईने तिथेच आंघोळ केली.

तिथेच घराची खरी गोष्ट कळली. गोव्याच्या नागरी कायद्यात मुलगे-मुली समान वारस. बाईंची चार भावंडं, दोघं परदेशात. विकायचं तर सगळ्यांच्या सह्या, ठेवायचं तर दरवर्षी पावसाआधी कौलं परतण्याचा खर्च. ते काम जाणणारी माणसंही आता मोजकीच. गल्लीतली तीन घरं कुलपात कुजताना दिसली, एका जागी सहा मजले उभे राहिलेत. खोल्या भाड्याने दिल्यामुळे यांचं छप्पर शाबूत आहे. त्या गुळगुळीत न्हाणीघरांचे फोटो पाहूनच पाहुणे येतात, हेही त्यांनी हसत सांगितलं.

म्हाताऱ्यांना न्यायचं असेल तर पावसाळा सोडून जा, खालची खोली मागा आणि न्हाणीघर आधी बघा.

निघायच्या सकाळी बाई पेन्सिल घेऊन आमच्या खोलीत आल्या. दांडी किती उंचीवर हवी, ते आईला विचारलं. आईने भिंतीला हात टेकून दाखवलं, आणि त्यांनी त्या राखाडी सिमेंटवर ठळक रेघ ओढली.