केदारनाथ : चढणीआधीचे मुक्काम

महाराष्ट्रातल्या घरात केदारनाथला जायचं ठरलं की पहिला प्रश्न रजेचा येतो आणि दुसरा रेल्वेच्या आरक्षणाचा. हरिद्वारला जायची आणि परतीची गाडी मिळाली, की मधल्या दिवसांत केदार आणि बद्री बसवले जातात. मला हा क्रमच उलटा वाटतो. ऋषिकेश समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे मीटरवर आहे आणि केदारनाथचं मंदिर ३,५८३ मीटरवर. पहाटे ऋषिकेश सोडलेली गाडी देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग मागे टाकते, तिथून अलकनंदेची साथ सुटून मंदाकिनीची लागते, आणि अंधार पडायच्या सुमारास सोनप्रयाग येतं. दुसऱ्या दिवशी जीपने गौरीकुंड, तिथून सोळा किलोमीटरची चढण, आणि रात्रीची पाठ टेकते ती थेट मंदिराभोवतीच्या केदारपुरीत. दोन दिवसांत तीन हजार मीटरहून अधिक उंची अंगावर घेतलेली असते. म्हणून यात्रेची आखणी मुक्कामांपासून सुरू व्हावी, असं माझं म्हणणं आहे. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचं हे आधी ठरावं, रजा आणि तिकिटं त्यानंतर.

केदारपुरीत हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानाने साधारण ६५ टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. साधारण २,५०० मीटरच्या वर घाईने गेलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि झोप न लागणं असा त्रास होऊ शकतो. हा त्रास बहुधा पोचल्या पोचल्या होत नाही, सहा ते बारा तासांनी सुरू होतो. दुपारी चारला मंदिरापाशी पोचून ‘मला तर काहीच झालं नाही’ म्हणणाऱ्याची खरी परीक्षा मध्यरात्री असते, आणि रात्री थंडीत खाली उतरणं सोपं नसतं. आपल्याकडची तयारी इथे फसवी ठरते. यात्रेआधी महिनाभर टेकडी चढणं, एखाद्या रविवारी कळसूबाईला जाऊन येणं हे चांगलंच आहे, त्याने पाय आणि दम तयार होतात. पण महाराष्ट्राचं हे सर्वोच्च शिखर १,६४६ मीटरचं आहे. जिथून केदारनाथची चढण सुरू होते, ते गौरीकुंडही त्याहून तीनशेच्या वर मीटर उंच. विरळ हवेचा सराव सह्याद्रीत होऊच शकत नाही, आणि धडधाकट तरुणालाही विरळ हवा सोडत नाही. उलट तो भराभर चढतो, म्हणून त्याने जास्त जपायला हवं.

जुन्या यात्रेत हा प्रश्न बराचसा आपोआप सुटत होता. मोटाररस्ता नव्हता तेव्हा यात्रेकरू ऋषिकेशहून पायी निघत आणि चट्टी-चट्टीवर मुक्काम करत वर सरकत. गरुड चट्टी, जंगल चट्टी ही नावं त्या काळातून उरली आहेत. चारधामचा परंपरागत क्रमही पाहावा : यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ. तो पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो आणि त्यामागे धार्मिक संकेत आहे. शरीराच्या सवयीसाठी तो बांधला असं मी म्हणणार नाही. पण परिणाम तोच होतो. ३,२९३ मीटरवरची यमुनोत्री आणि तीन हजारांच्या वरची गंगोत्री करून आलेला माणूस केदारला पोचेपर्यंत विरळ हवेशी ओळख करून बसलेला असतो. केदार-बद्रीच्या ‘दोन धाम’ सहलीने नेमके हेच पहिले दिवस कापून टाकले. केदारनाथाची डोलीसुद्धा दरवर्षी हिवाळ्यातल्या गादीहून, उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरातून निघते ती गुप्तकाशी, फाटा, गौरीकुंड असे मुक्काम करत. शेवटच्या दिवशी तीही गौरीकुंडहून एका दमात वर जाते हे खरं, पण ती वाहणारे त्याच डोंगरांत वाढलेले असतात. आळंदी-देहूच्या पालख्यांचे मुक्काम आणि विसावे ज्यांना पाठ आहेत, त्या आपल्या लोकांना मुक्कामांनी यात्रा मोजणं नव्याने शिकवावं लागू नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : दरवर्षी लाखो लोक असेच जातात आणि सुखरूप येतात. येतात, हे मान्य. बहुतेकांचा त्रास डोकेदुखीवर भागतो. पण या यात्रेत दर हंगामात वाटेवर आणि वर माणसं दगावतात, त्यात हृदयविकाराने जाणाऱ्यांचा वाटा मोठा असतो, आणि आपल्याकडून जाणाऱ्यांत साठीच्या पुढचे, मधुमेह-रक्तदाब असलेले आईवडीलही असतात. त्यांना सोबत नेणाऱ्याने लाखोंच्या सरासरीकडे पाहायचं नसतं. दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. देवाने बोलावलं तर तोच नेईल, कष्टाशिवाय यात्रा कसली, असं म्हणणाऱ्याची निष्ठा खरी असते. पण जास्तीच्या दोन मुक्कामांनी कष्ट कमी होत नाहीत, चढण तेवढीच राहते. डोकं ठणकत असताना, रांगेत उभं राहून घेतलेल्या दर्शनात मन देवापाशी कितपत असतं, याचाही विचार त्याच निष्ठेने व्हावा.

तर मग आखणी कशी असावी? मला सर्वांत पटणारा मार्ग चोपत्यावरून जातो. पहिली रात्र उखीमठ किंवा गुप्तकाशीला, सुमारे १,३०० मीटरवर. पुढच्या दोन रात्री चोपत्याला, २,६०० मीटरच्या वर. मधल्या दिवशी तुंगनाथ. तुंगनाथ सुमारे ३,६८० मीटरवर, केदारनाथहूनही उंच, पण बांधीव वाट चारेक किलोमीटरची. वर जाऊन दर्शन घ्यायचं आणि झोपायला खाली यायचं, शरीराला शिकवण्याची याहून चांगली रीत नाही. पंचकेदारात आधी केदार आणि मग तुंगनाथ, हा क्रम कसा मोडायचा, असं कुणी विचारेल. पाचही केदारांचा संकल्प सोडला असेल तर क्रम जरूर पाळावा, आणि मग गौरीकुंडची चढण तरी दोन दिवसांत वाटावी; भीमबली किंवा लिंचोलीला राहण्याची सोय आहे का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावं. ज्यांचा संकल्प फक्त केदारनाथाचा आहे, त्यांना तुंगनाथ आधी घेण्यात अडचण दिसत नाही.

काळाचंही तसंच. मे महिना आपल्या शाळांच्या सुट्टीचा, म्हणून तेव्हाच सगळी गर्दी. पुढे पावसात वाटेचाच भरवसा नाही. १६-१७ जून २०१३ला चोराबारी तलाव फुटून रामबाडा वाहून गेलं आणि जुनी वाट गेली. ३१ जुलै २०२४ला ढगफुटीने भीमबली-लिंचोलीची वाट तुटली आणि हजारो यात्रेकरू अडकले. जूनच्या मध्यापासून पावसाळा सरेपर्यंत आईवडिलांना घेऊन जाऊच नये. दिवाळीची सुट्टीही कामाची नाही, कारण भाऊबीजेला कपाट बंद होतं. उरतो तो सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर. त्यासाठी रजा मागावीच लागते.

विरळ हवेच्या प्रश्नाला घोडा, डोली, हेलिकॉप्टर हेही उत्तर दिलं जातं. घोड्यावर बसून पाय वाचतात, हवा तीच राहते. हेलिकॉप्टर फाट्याहून काही मिनिटांत वर टेकवतं, म्हणजे शरीराला मिळणारे थोडेफार तासही जातात. त्याच दिवशी परतायचं असेल तर रात्रीचा धोका टळतो, पण दुबळ्या हृदयावर पहिल्या तासातच ताण येतो. शिवाय ऑक्टोबर २०२२ आणि जून २०२५मधल्या हेलिकॉप्टर अपघातांत सात-सात माणसं गेली. सोनप्रयागहून केदारनाथपर्यंत १२.९ किलोमीटरच्या रोपवेला केंद्राने मार्च २०२५मध्ये मंजुरी दिली आहे. आठ-नऊ तासांची वाट ३६ मिनिटांवर येईल असं सांगितलं जातं. चालता न येणाऱ्यांसाठी ही मोठी सोय होईल, यात शंका नाही. पण तेव्हा खालच्या मुक्कामांची गरज आजच्याहून वाढेल, आणि सहली आखणारे ते मुक्काम आणखी आखडतील अशी मला भीती आहे.

परतीचं तिकीट काढताना एक दिवस मोकळा ठेवावा, आणि एक गोष्ट घरीच बोलून घ्यावी : वाटेत कुणाला धाप बसल्यावरही थांबेना, तोल जाऊ लागला, बोलणं भरकटू लागलं, तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार. हे वर ठरवायला गेलं की प्रत्येकाला देव चार पावलांवर दिसतो, आणि आजारी माणूसच ‘मी बसतो, तुम्ही जाऊन या’ म्हणतो. त्याला एकटं बसवून जाऊ नये. ज्याला परतावं लागेल त्याला आधीच सांगून ठेवावं की बरं वाटलं की उखीमठला जायचं आहे. केदारनाथाची हिवाळ्यातली पूजा जिथे होते, ते ओंकारेश्वराचं मंदिर तिथे गाडीच्या रस्त्यावर आहे.