पडली तिथून पुढे

वाचन: शास्ते 20:12-16, फिलिप्पैकरांस 3:12-14



तुमच्यापैकी बहुतेकांनी डिस्क गोल्फ हे नाव ऐकलं नसेल, म्हणून आधी खेळ सांगते. गोल्फसारखाच खेळ, पण काठी आणि चेंडूऐवजी हातात प्लास्टिकची डिस्क. ठरलेल्या जागेवरून ती फेकायची आणि दूरवर खांबाला लावलेल्या टोपलीत पोहोचवायची. टोपलीच्या वर लोखंडी साखळ्या लोंबत असतात. डिस्क साखळ्यांवर आदळते, तिचा जोर मोडतो आणि ती खाली टोपलीत पडते. अशा नऊ किंवा अठरा टोपल्या मिळून एक कोर्स होतो. सगळ्या टोपल्या ज्याच्या कमीत कमी फेकींत पुऱ्या होतात तो जिंकतो. बस, एवढंच.

गेल्या नाताळात माझा धाकटा भाऊ अमेरिकेहून आला तेव्हा त्याने तीन डिस्क आणल्या आणि विचारलं, "अक्का, इथं गाडीने अर्ध्या तासात एखादा कोर्स असेल ना?" तिकडे गावोगावच्या सार्वजनिक बागांत असे हजारो कोर्स आहेत आणि बरेचसे फुकट. त्याने मोबाईलच्या नकाशावर गुलबर्ग्याभोवती बोट फिरवलं, पण खूण एकही दिसली नाही. दहा दिवसांनी तो परत गेला. डिस्क माझ्याकडे राहिल्या आणि जागेचा शोधही माझ्याच गळ्यात पडला.

मी तो घेतला, कारण डोळ्यांसमोर दृढीकरणाच्या वर्गातली मुलं होती. दृढीकरणाचा संस्कार झाला की मुलं चर्चमध्ये दिसेनाशी होतात, हे फक्त आमच्याच धर्मग्रामात होतं असं नाही. त्यात आमच्याकडे मुलगे सुट्टीभर टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतात आणि मुली कंपाउंडच्या भिंतीवर बसून बघतात. या खेळाला संघ लागत नाही, पळावं लागत नाही, मुलगा-मुलगी, काका-पुतण्या एकत्र खेळू शकतात. फक्त मोकळी जागा लागते, आणि तिथेच अडलं.

गुलबर्ग्यात मोकळी जागा दिसते पुष्कळ. किल्ला आहे, आत 1367 ची जामा मशीद, जिला अंगण नाही, सगळी वर घुमटांनी झाकलेली. पण ती संरक्षित वास्तू आहे. सहाशे वर्षांच्या दगडावर प्लास्टिक आपटायला मुलांना शिकवणारी मी कोण? अप्पा तलावाकाठी आणि पब्लिक गार्डनमध्ये सकाळी फिरायला येणारी म्हातारी माणसं असतात. डिस्क दिसायला फ्रिसबीसारखी असली तरी वजनाला दीड-पावणेदोनशे ग्रॅम भरते आणि तिची कड कडक असते. कपाळावर बसली तर टाकेच. सेडम रस्त्यावरचं विद्यापीठाचं आवार (विद्यापीठ 1980 चं) मला सर्वांत आवडलं. कडुलिंबाची सावली आहे, उतार आहेत. पण ते विद्यापीठाचं. दर रविवारी चौदा मुलं घेऊन जायचं तर रीतसर परवानगी हवी. शेजारचा बुद्धविहार उपासनेची जागा आहे, तिथे हा विषयसुद्धा काढला नाही.

मग शहराबाहेर निघालो. शहाबाद पाऊण तासावर आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांनो, तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरात जी शहाबादी फरशी होती ती इथली. तिथे ओसाड पडलेल्या खाणी आहेत, माळ आहे, माणूस नाही. मुलं खूश झाली. मी मात्र खाणीच्या काठावरून खाली हिरवं पाणी बघितलं आणि सगळ्यांना परत गाडीत बसवलं. डिस्क पाण्यात गेली की मूल तिच्यामागे जाणारच. चिंचोळीकडचं चंद्रमपल्ली धरण सुंदर आहे, पण दोन तासांची वाट आणि आजूबाजूला अभयारण्य. बिदर रस्त्याने कमलापूरपर्यंत गेलो तेव्हा कोर्स सापडला नाही, तिथली लाल केळी मात्र एक घड घेऊन आलो. ती केळी खाल्ली नसतील तर एकदा खा.

शेतांचं काय, असं कोणी विचारेल. आमचा जिल्हा तुरीचा. जून-जुलैला पेरणी आणि डिसेंबर-जानेवारीत काढणी, म्हणजे रान मोकळं असतं ते नेमकं उन्हाळ्यात, जेव्हा सकाळी नऊनंतर बाहेर उभं राहवत नाही. आणि पाऊस पडला की काळी माती चपलेला अशी धरते की प्रत्येक पायाला दोन किलोचं ओझं.

शेवटी आळंद रस्त्याला आमच्याच धर्मग्रामातल्या एका कुटुंबाची मुरमाड पडीक जमीन मिळाली. गाडीने वीस मिनिटं. आठ-दहा बाभळी, दोन कडुलिंब, एक कोरडा ओढा. पीक येत नाही म्हणून घरच्यांनी सोडून दिलेली. मुरमावर चिखल होत नाही. "टीचर, काय करायचं ते करा, फक्त बाभळी तोडू नका," एवढंच ते म्हणाले.

टोपल्या विकत आणायच्या तर परदेशातून मागवाव्या लागतील आणि तेवढे पैसे नाहीत. मुलांनी बांबूच्या बुट्ट्या आणल्या, झाडाला तारेने बांधल्या. डिस्क आत पडायची आणि उसळून बाहेर यायची. मग एकाने वडिलांच्या सायकल दुकानातून जुन्या साखळ्या आणल्या आणि बुट्टीवर लोंबत्या सोडल्या. आता दहापैकी सात वेळा डिस्क आत राहते. फेकायची जागा दाखवायला प्रत्येक टोपलीमागे शहाबादी फरशीचा एकेक तुकडा ठेवला. त्या खाणीचा एवढा उपयोग झाला.

मी मुलांना सांगितलं की हा खेळ असाच सुरू झालाय. 1926 साली कॅनडातल्या ब्लॅडवर्थ नावाच्या खेड्यात शाळेची मुलं डब्यांची पत्र्याची झाकणं जमिनीवर आखलेल्या गोलांत फेकून असाच खेळ खेळत होती. पुढे कॅलिफोर्नियात एड हेड्रिक नावाच्या माणसाने 1975 मध्ये ओक ग्रोव्ह बागेत पहिला कायमचा कोर्स आखला, तेव्हा तिथेही टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते. साखळ्यांची टोपली त्याने नंतर तयार केली. हा हेड्रिक 2002 मध्ये वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख नव्या डिस्कच्या प्लास्टिकमध्ये मिसळली गेली. मुलांना हे भलतंच आवडलं. धर्मशिक्षिका म्हणून मला लगेच सांगावं लागलं की आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेने 2016 मध्ये याविषयी स्पष्ट सूचना दिली आहे. दहन चालतं, पण राख पवित्र जागी ठेवावी, विखरू नये, तिच्या आठवणवस्तू करू नयेत. "मग त्याचं पुनरुत्थान कसं होणार, टीचर?" एका मुलीने विचारलं. देवाला प्लास्टिकमधून माणूस शोधणं अवघड नाही, असं मी म्हटलं. त्या माळावर उभ्या-उभ्या मृतांच्या पुनरुत्थानावर अर्धा तास प्रश्न आले. वर्गात या पाठाला सगळे खिडकीबाहेर बघतात.

आता वाचनाकडे येते. हिब्रू भाषेत पापासाठी जो मुख्य शब्द आहे त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं. ग्रीक भाषेतल्या शब्दाचंही तसंच. शास्ते 20:16 मध्ये बन्यामिनी वंशातले सातशे डावखुरे गोफणवाले येतात, केसालाही दगड मारतील पण चुकणार नाहीत असे. तिथे "चुकणार नाहीत" म्हणायला हिब्रूत तेच क्रियापद वापरलंय. हे बरेचदा प्रवचनात ऐकलेलं असतं आणि गोष्ट तिथेच थांबते. पण आधीची वचनं वाचा. हे सातशे जण कोणाच्या बाजूने उभे होते? गिबातल्या ज्या नीच माणसांनी एका स्त्रीचा जीव घेतला, त्यांना स्वाधीन करायला नकार देणाऱ्यांच्या बाजूने. हाताचा नेम अचूक आणि उभे राहण्याची जागाच चुकलेली. मला हे वचन मुलांना नेमबाजीचं कौतुक म्हणून शिकवता येत नाही.

खेळात मात्र एक नियम आहे तो शिकवावा असा वाटला. डिस्क जिथे पडते तिथे खूण ठेवायची आणि पुढची फेक तिथूनच करायची. काट्यात पडली तर काट्यातून, ओढ्यात पडली तर ओढ्यातून. पहिल्या फरशीवर परत जाऊन नव्याने सुरुवात नाही, आणि पायाने हळूच पुढे सरकवणंही नाही. सगळ्यांनी पहिली फेक केली की पुढची पाळी टोपलीपासून सर्वांत लांब राहिलेल्याची. पंच नसतो, स्वतःच्या फेकी स्वतः मोजायच्या आणि खऱ्या सांगायच्या. पापकबुलीला गुडघे टेकताना आपल्याला तरी दुसरं काय करायचं असतं? पेत्राला प्रभूने पुन्हा जाळ्यापासून शिष्य व्हायला लावलं नाही. तीनदा नाकारलेल्या त्या माणसाला, तसाच असताना, मेंढरं सांभाळायला दिली.

आमच्या वर्गातला एक मुलगा (नाव लिहीत नाही) मे महिन्यात एसएसएलसीत नापास झाला. 2025 च्या निकालात आमचा कलबुर्गी जिल्हा सबंध कर्नाटकात शेवटचा आला, सुमारे 42 टक्के. दर दहांतली जवळजवळ सहा मुलं नापास. आकडा एवढा मोठा असूनही प्रत्येक घरात मूल एकटंच नापास होतं. या मुलाने वर्ग सोडला, मिस्सेला येणं सोडलं, आईशी बोलणंही सोडलं. सायकलच्या साखळ्या आणणारा तोच. निकालानंतर दोन रविवार तो माळावरही आला नाही. तिसऱ्या रविवारी आम्ही पोहोचलो तर आमच्या आधी येऊन बाभळीखाली बसला होता.

त्याची पहिली डिस्क काट्यांत गेली. "टीचर, ही धरू नका. परत पहिल्यापासून फेकतो."

"नाही. पडली तिथून."

तो काट्यात शिरला, शर्ट फाडून घेतला, खूण ठेवली. सर्वांत लांब राहिला होता म्हणून पाळी त्याचीच होती. बाकीची मुलं गप्प उभी होती. आठ फेकी लागल्या. कोणी हसलं नाही, आणि मोजताना त्याने स्वतःच "आठ" म्हटलं.

परत येताना गाडीत मी त्याला एवढंच सांगितलं की 2025 च्या वर्षात आपल्याकडे तीन परीक्षा होत्या, पास झालेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत, राहिलेलेच द्यायचे. हे त्याला माहीत होतं. तरी तो खिडकीकडे बघत म्हणाला, "म्हणजे पडली तिथून." मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

दुसऱ्या परीक्षेत विज्ञान सुटलं. गणित राहिलं. 

मिस्सेला तो अजूनही येत नाही. त्याची आई मला दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर धरते. "टीचर, तुमचं ऐकतो तो. तिकडे माळावर सांगा ना." मी सांगत नाही. काही जणांना माझं हे पटत नाही आणि त्यांचं म्हणणंही चुकीचं नाही. धर्मशिक्षिकेने मुलाला मिस्सेला बोलवायचं नाही तर काय करायचं? पण खेळाला बोलावून मग हळूच गळ टाकायचा, हे मला जमत नाही. मुलांना असा गळ लांबून दिसतो. शब्बाथाच्या दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला प्रभूने हात लांब कर म्हटलं; आधी किती प्रार्थना केल्यास असं विचारलं नाही. फादरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही त्याला दर रविवारी गाडीत घेता ना? मग घेत राहा." म्हणून घेत राहते. आमची मिस्सा साडेसहाची, गाडी पावणेआठला निघते. तो चर्चच्या फाटकाबाहेर पिंपळाखाली उभा असतो. गेल्या रविवारी सव्वासातलाच येऊन उभा होता, एवढं मी पाहिलं. आतलं गाणं तिथपर्यंत ऐकू जातं.

त्याच्या गणितासाठी तुमच्या प्रार्थनेत आठवण ठेवा. नाव देवाला माहीत आहे.

आणि एक मागणं. आमच्या सहा टोपल्या झाल्यात, अजून तीन लावायच्या आहेत. कोणाच्या घरी सायकलच्या जुन्या साखळ्या पडल्या असतील तर चर्चच्या ऑफिसात आणून द्या. गंजलेल्या असल्या तरी चालतील, आम्ही रॉकेलने पुसून घेतो. मुलांना पाठवणाऱ्यांनी टोपी, पाण्याची बाटली आणि पायात बूट द्यावेत. बाभळीचे काटे चपलेतून थेट वर येतात.