सरवटेंची रेषा आणि आमचा राग

२०१२ च्या मे महिन्यात आमचेही डोके तापले होते. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ सालचे व्यंगचित्र छापलेले. संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. संसदेत गदारोळ झाला, जळगावात आम्ही पत्रके वाटली. तो राग खोटा होता असे आजही म्हणणार नाही. ज्यांच्या पाठीने पिढ्यान्‌पिढ्या मार सोसला त्यांना त्या चित्रात आधी चाबूकच दिसणार.

पण त्या संध्याकाळी धुळ्याच्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याने विचारले, चित्राला चित्राने उत्तर देणारा "आपलामा कोन शे, भाऊ?" आम्ही गप्प.

त्या प्रश्नापायी वाचनालयात जुने 'ललित'चे अंक चाळू लागलो आणि वसंत सरवटे भेटले. जन्म १९२७ चा, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्या वर्षीचा. २०१६ साली गेले. पेशाने सिव्हिल इंजिनिअर, एसीसी सिमेंट कंपनीत नोकरी. ती सांभाळून मुखपृष्ठे, कथाचित्रे, अर्कचित्रे, व्यंगचित्रे, शिवाय व्यंगकलेवर लेखनही. जयवंत दळवींच्या 'ठणठणपाळा'ला चेहरा दिला तो यांनीच. 'ललित'च्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर वर्षानुवर्षे अख्खी मराठी साहित्यिक मंडळी त्यांनी उभी केली. मोठमोठ्या नावांचे फुगलेले गाल, ताठ माना, सगळे दोन-चार रेषांत. हात कुठेही थरथरला नाही.

आता आमची तक्रार. आम्ही पाहिलेल्या त्यांच्या चित्रांत चाळ आहे, दिवाणखाना आहे, संमेलन आहे. आमची वस्ती जवळजवळ नाही. कोणी म्हणेल, बघा, शेवटी मध्यमवर्गीयच! आम्हीही आधी तेच म्हणालो. पण हा माणूस हसला तो स्वतःच्याच लोकांना, त्यांच्यातच बसून. आमच्या वस्तीला हसण्याचे काम त्याने करावे, अशी अपेक्षा तरी का ठेवायची? गटातटांच्या रिपब्लिकन पुढाऱ्यांवर, जयंतीच्या डीजेवर चित्र काढायचे तर ते आपल्याच पोरांनी.

गेल्या १४ एप्रिलला धुळ्यातल्या एका मुलाने वहीच्या पानावर चित्र काढून आणले. जयंतीचा फ्लेक्स, त्यावर पुढाऱ्यांच्या फोटोंची दाटी, आणि बाबासाहेब कोपऱ्यात अंग चोरून उभे. त्या दाटीत आमचाही चेहरा होता, चष्म्यासकट. दोन मिनिटे राग आला. मग वस्तीतल्या वाचनालयाच्या फळ्यावर ते पान आम्हीच चिकटवले.