सातबारा असता तर

आयला घेऊन रमाई आवासचा फॉर्म आणायला गेलो ते साल २०१७. आयनं नवं लुगडं नेसलेलं. म्हणाली, "योजनंला रमाईचं नाव हाय म्हंजी ती आपल्यासाठीच आसंल. चांगलं नेसून जावं."

खिडकीतला माणूस वाईट नव्हता. त्यानं जातीचा दाखला बघितला, रेशनकार्ड बघितलं. मग विचारलं, "जागा कुणाच्या नावावर?"

आयनं प्लास्टिकच्या पिशवीतनं कागद काढला. १९८६ चा. पाच रुपयांचा स्टॅम्प पेपर, घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेली. "रूम माज्याच नावावर हाय."

"आजी, हा खोलीचा करारनामा. मला जागेचा कागद पायजे. सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्ड."

आय त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "सायेब, सातबारा आस्ता तर म्या नालासोपाऱ्याला कशाला आले आस्ते?"

मागं रांगेतली माणसं हसली. तो माणूसही हसला. मी हसलो नाही, कारण मला लाज वाटली. आयची नाही, माझी. का, ते पुढं सांगतो.

आमचं गाव माण तालुक्यातलं. पाऊस नाही, जमीन नाही. गावाबाहेर एक खोपट, तेही गायरानात. बाप मुंबईला गिरणीत रिंग खात्यात होता. चांगला पगार विणकाम खात्यात, पण तिथं आमच्या माणसाला कित्येक वर्षं शिवू देत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, महाराच्या तोंडाचा धागा सवर्णानं कसा ओढायचा? १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल उभा केला. बापाच्या काळापर्यंत कायदा बदलला, पण बापाला त्याच्या बापानंच रिंग खात्यात लावलेला. तो तिथंच राहिला.

राहायला वरळीची बीडीडी चाळ. खोली मामाची, १६० चौरस फूट. माणसं अकरा. बाप आणि मी गॅलरीत झोपायचो. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला आणि तो कधी संपलाच नाही. बापाची गिरणी पुन्हा त्याच्यासाठी उघडली नाही. मामा काही बोलला नाही, पण मामीची भांडी जोरात वाजायला लागली. माणसाला कळतं.

१९८६ ला आयनं डोरलं मोडलं, बापाचा फंड आला, आणि आम्ही नालासोपारा पूर्वेला आलो. बैठी चाळ. दहा बाय पंधराची खोली, विटेच्या भिंती, वर सिमेंटचा पत्रा. पाणी विहिरीचं. संडासाला शेतात. तरी पहिल्या रात्री आय मला म्हणाली, "पाय लांब कर." तोवर आम्ही पाय पोटाशी घेऊनच झोपत होतो.

आता कुणी म्हणेल, बेकायदा चाळीत गेलात कशाला? दोस्तहो, कायदेशीर काय होतं ते तरी दाखवा. नवी मुंबईत सिडकोनं जमीन ताब्यात घेतली, रस्ते आखले, घरं बांधली. लहान घरंही बांधली. १९९० ला वसई-विरारचं नियोजनही सिडकोकडंच दिलं. पण इथं जमीन ताब्यात घेतली नाही. नकाशा केला, आरक्षणं टाकली, आणि बांधायचं काम बिल्डरवर सोडलं. मुंबईतनं रोज उतरणारी माणसं नकाशा बघून थांबणार होती का? जमीन एकाची, जोतं घालणारा दुसरा, खोली विकणारा तिसरा. जोडून सुट्टी आली की रातोरात भिंती उठायच्या. गरिबासाठी घरं बांधणारं इथं एकच खातं होतं आणि त्याला कचेरी नव्हती.

त्या खात्याचा कारकून मी होतो. हीच ती लाज.

मी बारावी झालो. अक्षर चांगलं. १९९६ पासून आमच्या भागातले करारनामे मी लिहायला लागलो. आधी पन्नास रुपये, पुढं दोनशे. "लिहून देणार", "लिहून घेणार", "सदरहू खोली कायमची, वंशपरंपरेने". सर्व्हे नंबरची जागा कोरी ठेवायची. खोली विकणारा म्हणायचा, ते नंतर भरू. ते कधी भरलं जात नव्हतं, हे मला ठाऊक होतं. समोर घरकाम करणारी बाई, नाका कामगार, वॉचमन. अंगठा उठवायचे आणि मलाच हात जोडायचे. मी म्हणायचो, पक्कं झालं तुमचं. आपलाच माणूस लिहितोय म्हणून त्यांचा विश्वास. सावकाराच्या वहीवर आमच्या आज्यानं अंगठा दिला होता, तेव्हा लिहिणारा निदान परका होता.

पुढं महानगरपालिका झाली, ३ जुलै २००९ ला. चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र आल्या. आमच्या खोलीला घरपट्टी आधीपासूनच होती. त्यात अनधिकृत बांधकामाला कायद्यानं शास्ती लागते. म्हणजे बघा, घर बेकायदा, पट्टी कायदेशीर. पट्टी भरली म्हणून घर कायदेशीर होत नाही.

आणि सरकारचा पैसा? पैसा आहे. नाही असं मी म्हणणार नाही. हिशोब मांडतो.

रमाई आवास योजना २००८ ची. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी, २६९ चौरस फुटांचं घर, शहरात अडीच लाखांचं अनुदान. पण जागा तुमची पाहिजे. पंतप्रधान आवास योजना २५ जून २०१५ ला आली. स्वतः घर बांधा, केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख. पण जागा तुमची पाहिजे. कर्ज काढा, तर सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याजाची सूट, म्हणजे वरच्यावर २ लाख ६७ हजारांचा फायदा. पण कर्ज बँक देणार. बँक आधी पगाराची पावती मागते, मग इमारतीची सीसी, मग ओसी. आमच्या आळीत पगाराची पावती असलेला माणूस शोधावा लागतो. आमच्यासारख्यांसाठीची ती सूट ३१ मार्च २०२२ ला बंद झाली. आळीत ती एकालाही मिळालेली मला ठाऊक नाही.

उरलं सरकारनं स्वतः बांधलेलं घर. ते आमच्या शेजारीच आहे, विरार-बोळींजला. म्हाडाच्या तिथल्या प्रकल्पात दहा हजारांच्या आसपास घरं. आणि गंमत ऐका. २०२४ सालीसुद्धा त्यातली पाच हजारांहून जास्त घरं विकायची पडून होती. सोडती काढल्या, मग सोडतीशिवाय घ्या म्हणाले, तरी पडून. का? पाणी नव्हतं, आणि किंमत. सगळ्यात लहान घरही वीस लाखांच्या वर. मग सूर्या धरणाचं पाणी आलं. डहाणू-पालघरच्या आदिवासींची शेती भिजावी म्हणून बांधलेलं धरण ते. त्यांच्या शेताचं पाणी आमच्या नळाला आलं आणि बोळींजची घरं खपायला लागली. ती घेणारे आमच्या आळीतले नव्हते. एकीकडं कुलपं लावलेली सरकारी घरं, दुसरीकडं पत्र्याखाली माणसं, मधी वीस मिनिटांची रिक्षा.

नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती कोर्टाच्या हुकमानं पाडल्या. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं उघड्यावर. जागेवर आरक्षण होतं, सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं आणि कचऱ्याच्या डेपोचं. शहराला त्याही गोष्टी लागतात, मान्य. पण शहराच्या घाणीसाठी नकाशावर जागा राखून ठेवता येते, ती घाण उपसणाऱ्यासाठी नाही. गावातही आम्ही उकिरड्याच्या अंगालाच होतो.

त्या दिवसांत मागच्या आळीतली एक बाई कागद घेऊन दारात आली. अक्षर माझं. "दादा, तुमीच लिवलेला. ह्यो चालंल न्हवं?" मी कागद हातात घेतला. सर्व्हे नंबर कोरा. मी तिला चहा विचारला. दुसरं काही मला बोलता आलं नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी, ऑगस्ट २०२५ च्या २६ तारखेच्या रात्री, विरार पूर्वेला चार मजली इमारत शेजारच्या चाळीवर कोसळली. सतरा माणसं मेली. इमारत अनधिकृत. नाव रमाबाई अपार्टमेंट. मला आयचं वाक्य आठवलं, रमाईचं नाव हाय म्हंजी आपल्यासाठीच आसंल.

खरी रमाई कुठं राहिली? परळच्या बीआयटी चाळीत, दोन खोल्यांत, कैक वर्षं. ती चाळ सार्वजनिक पैशानंच बांधलेली. १८९६ ला प्लेग आला, माणसं मेली, मग १८९८ ला सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. बीडीडीच्या २०७ चाळीही सरकारनंच बांधल्या, १९२० च्या दशकात. गोऱ्या सरकारला आमचा पुळका नव्हता. त्याला गिरण्यांसाठी माणसं पाहिजे होती आणि रोगाची भीती होती. पण त्यानं सातबारा विचारला नाही, पगाराची पावती, ओसी विचारली नाही. जागा सरकारची, भिंत सरकारची, महिन्याला भाडं भरा आणि राहा. त्या खोलीत बाबासाहेब रात्र रात्र वाचत बसले. राजगृह झालं त्यात रमाई फार दिवस राहिली नाही, २७ मे १९३५ ला गेली. तिचा संसार झाला तो सरकारी भाड्याच्या खोलीत. वरळीच्या त्याच बीडीडीत ऑगस्ट २०२५ ला ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंद आहे. चावी मिळाली, कारण खोली सरकारच्या दप्तरात होती. आम्ही गॅलरीतली माणसं दप्तरात नव्हतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. अनुदान विटेला देता, जमीन कुठाय? ज्याची जमीन हजार वर्षं हिरावली त्यालाच जमिनीचा कागद मागायचा आणि मग म्हणायचं, लाभार्थी मिळत नाहीत. सप्टेंबर २०२४ पासून आवास योजनेचा दुसरा टप्पा आहे. शहरांतल्या एक कोटी कुटुंबांचं बोलतात, त्यात भाड्याच्या घरांचाही भाग आहे. मग वसई-विरारला तो आणा. सरकारी जागेवर, सरकारी मालकीची, आमच्या कमाईला झेपेल अशा भाड्याची घरं बांधा. मालकी नको. पावसाळ्यात भिंत अंगावर येणार नाही एवढं द्या.

आय २०२१ ला गेली. त्याच खोलीत, पाय लांब करून.

मी आता करारनामे लिहीत नाही. अर्ज लिहितो, फुकट. संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसतो, माणसं येतात. अर्जात एक रकाना असतो, जागेचा तपशील. आधी मी तो कोरा सोडायचो. आयुष्यभर कोरे रकाने सोडले. आता सोडत नाही. त्यात आयचं वाक्य लिहितो: सातबारा असता तर इथं कशाला आलो असतो? अर्ज परत येतो. मी पुन्हा लिहितो.