दोन इंच खाली

"काका, दोन इंच खाली घ्या." ट्रॅकची हौस लागलेल्या पोरांची मागणी बहुधा इथूनच सुरू होते. गाडी स्विफ्ट किंवा पोलो, आणि डोळ्यांसमोर चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. मोबाइलमध्ये फोटो तयारच असतो: चाक आणि मडगार्ड यांच्यात बोटही शिरणार नाही. दिसते झकास, वादच नाही.

मी गाडी पिटवर घेतो आणि मालकाला खाली बोलावतो. जॅकवर उचलून उपयोग नाही. चाकं लोंबली की खरं काही कळत नाही. या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट. गाडी खाली आली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं. वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर मग गाडीपेक्षाही जास्त खाली सरकतो. गुरुत्वमध्य उतरतो दोनच इंच. दोघांतलं अंतर वाढलं, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ लांबली. स्प्रिंग तितक्याच कडक ठेवल्या तर खाली बसवलेली गाडी उलट जास्तच कलते! हे ऐकून माझ्याकडे संशयाने बघतात. मग ते कलणं दाबायला कडक स्प्रिंग, त्या स्प्रिंगला जुने शॉकअप आवरत नाहीत म्हणून नवे शॉकअप, आणि बिल फुगत जातं. कटरने स्प्रिंगचे वेढे कापून आणणाऱ्या महाभागांना मी सरळ परत पाठवतो. चाक लोंबलं की तसली आखूड स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते.

माझ्याकडे आधी बुश, बॉल जॉइंट आणि टायर. मग कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल. रस्त्यावरच्या गाडीला पुढे जेमतेम अर्धा-एक अंश निगेटिव्ह असतो. ट्रॅकला अडीच-तीनपर्यंत जावं लागतं. बरोबर बसला का, ते टायर सांगतो. गाडी लॅप मारून आली रे आली की गरम रबरात तापमापकाची सुई खुपसायची: आतली कड, मध्य, बाहेरची कड. बाहेरची कड जास्त तापलेली असेल तर कॅम्बर अजून कमी पडतोय.

दुसरा साक्षीदार म्हणजे शॉकअपच्या दांड्याला बांधलेला साधा केबल टाय. चाक दबेल तसा तो दांड्यावर वर सरकतो आणि सर्वांत वर गेला तिथेच राहतो. चालक म्हणतो, "वळणाच्या मध्येच गाडी एकदम सरळ धावते," आणि टाय बंप स्टॉपला चिकटलेला असतो. स्ट्रटची हालचाल संपली, टायरवर एकदम भार आला, पकड सुटली. अशी गाडी बोटभर वर घेतली की वेळ सुधारते. फोटो बिघडतो, त्याला इलाज नाही.

मागे टॉर्शन बीम. तिथे फार खेळायला जागा नसते. पण मागची बाजू थोडी कडक ठेवली की फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी वळायला राजी होते. आतलं मागचं चाक हवेत उचललं जातं, बघणारे घाबरतात; मला ते आवडतं. पाऊस आला तर मात्र आधी ही मागची बाजूच सैल करायची.

आणि शेवटचं सत्र संपलं की शॉकअपचे चार-सहा क्लिक सोडायचे, कारण बंगळुरू-कोल्हापूरमार्गे पुण्याला याच गाडीने परतायचं असतं. ट्रेलरवर गाडी नेणाऱ्यांना हा व्याप नाही. पण ते माझ्या गॅरेजला कशाला येतील?