मालकाचा रकाना

कळंबच्या आमच्या महाविद्यालयात, सर्व्हरवरील फोल्डरांतून निवृत्त प्राध्यापकांचे हक्क काढण्यासाठी मी पॉवरशेलमध्ये छोटी आज्ञावली लिहिली. गावच्या चिंतामणीच्या दर्शनाला पायऱ्या उतराव्या लागतात. इथे उलट वर चढावे लागले. वारशाने आलेला हक्क खालच्या फोल्डरात पुसला जात नाही. तो जिथून उतरला तिथेच काढावा लागतो, नाहीतर वारसाच तोडावा लागतो.

माझ्या मराठीच्या सरांचे खाते आधीच मिटवलेले होते. त्यामुळे हक्कांच्या यादीत नावाऐवजी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक उरला होता. विंडोज माणसाला ओळखते ते या क्रमांकानेच. आज्ञावलीने तोही पुसला.

नंतर सरांच्या टिपणांचे गुणधर्म पाहिले. ‘मालक’ या रकान्यात तोच क्रमांक शाबूत होता. हक्क गेला, कर्तेपण उरले. तेही पुसणारी ओळ लिहिता आली असती. मी लिहिली नाही.