चर्चेच्या तासाचे नियम कोणासाठी?

आम्ही धानोऱ्याकडची चौघे. दोघे बौद्ध, एक ढिवर, एक गोंड मैत्रीण. काही वर्षांपूर्वी राज्यशास्त्रात एम.ए. करायला मोठ्या शहरातल्या एका विद्यापीठात गेलो. तिथे आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाला आठवड्यातून एकदा चर्चेचा तास असे. पहिल्याच दिवशी आमच्या हाती दोन पानांची नियमावली पडली. नेमलेला मजकूर वाचून यावे. चर्चेत भाग घ्यावा, त्याला २० गुण. दहा मिनिटे उशीर म्हणजे गैरहजर. तीनपेक्षा जास्त गैरहजेरी झाल्यास गुण कापले जातील. मोबाईल बंद. मुदतीनंतर टिपण घेतले जाणार नाही. सर्वांच्या मताचा आदर करावा.

आता सांगा, यात वावगे काय आहे? एकाही नियमात जातीचे नाव नाही, गावाचे नाव नाही. नियम सर्वांना सारखे. तरीही सत्राच्या शेवटी आम्हा चौघांचे गुण लागले ते २० पैकी ७, ६, ५ आणि ४. आमच्या गोंड मैत्रिणीला ४. हे गुण कसे लागले याचा हिशेब मांडायचा म्हणून हा लेख.

वाचायचा मजकूर इंग्रजीत असे आणि तो मोबाईलवर येई. साठ पानांची प्रत काढायची तर पानाला दोन रुपये, म्हणजे एका आठवड्याचे १२० रुपये. शिष्यवृत्ती वेळेवर येत नव्हती. म्हणून आम्ही मोबाईलवरच वाचत होतो. आणि तासाला मोबाईल बंद! ज्यांच्याकडे छापील प्रत होती ते पान काढून बोलत, आम्ही आठवणीवर बोलायचे. हजेरीचेही तसेच. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो. पहाटे वेचायला हात लागतात, आणि घरच्या वर्षभराच्या मीठ-मिरचीचा, कपड्यालत्त्याचा पैसा त्यातून येतो. आमची मैत्रीण घरी गेली, चार तास बुडाले, गुण कापले गेले. त्याच काळात नात्यातल्या लग्नासाठी परदेशी गेलेल्या एका मुलाने आधी ईमेल टाकला होता. त्याची गैरहजेरी माफ झाली. आधी कळवले तर माफी मिळते हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि नियमावलीतही ते नव्हते.

पण सगळ्यात जास्त लागला तो बोलण्याचा नियम. एकदा विषय होता सार्वभौमत्व. राज्याची अंतिम सत्ता कोणाची, यावर चर्चा चालली होती. आमच्या मैत्रिणीने पहिल्यांदाच हात वर केला आणि मेंढा गावाचे सांगायला लागली. मेंढा (लेखा) हे धानोरा तालुक्यातले गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. सार्वभौमत्वावर याहून चांगले उदाहरण कोणते असेल? पण ती दोन वाक्ये बोलली आणि मागून हसू आले. तिला सांगण्यात आले, गावाकडचे अनुभव नकोत, सिद्धांतावर बोला. त्यानंतर ती त्या तासाला कधीच बोलली नाही. 'सर्वांच्या मताचा आदर करावा' हा नियम तेव्हा कुठे गेला होता?

हे ऐकून आमचे काही मित्र म्हणतात, मग नियमच नकोत. गुण नकोत, हजेरी नको, मुक्त चर्चा होऊ द्या. आम्हाला हे मान्य नाही. नियम गेले की दुबळ्याला बोलायला मिळते हा भ्रम आहे. नियम गेले की ज्याचा आवाज मोठा आणि ज्याचे इंग्रजी सफाईदार, तोच बोलतो. आंतरराष्ट्रीय राजकारण हेच तर शिकवते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत प्रत्येक देशाला एक मत आहे, पण सुरक्षा परिषदेत पाच देशांना नकाराधिकार आहे. आमच्या वर्गातही पाच कायमचे सदस्य होते. नियमावलीत त्यांचे नाव नव्हते, पण तास त्यांच्याच परवानगीने चाले.

बाबासाहेब नियमांचे विरोधक नव्हते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला, तो डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. म्हणजे असाच एक चर्चेचा तास! पंचवीस वर्षांचा एक अस्पृश्य तरुण तिथे आपल्या समाजाचा अनुभव सिद्धांत म्हणून मांडतो आणि तो ऐकला जातो. त्याला कोणी 'गावाकडचे नको' म्हटले असते तर? पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी सांगितले की संसदीय कामकाजाचे नियम भारताला नवे नाहीत. भिक्खू संघात आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान या सगळ्यांचे नियम होते. बुद्धाचा संघ नियमांवर चालत होता. प्रश्न नियम असावेत की नाही हा नाही. ते कोणी केले आणि त्यांनी कोणाचे रक्षण होते, हा आहे.

तोंडी सहभागाचे गुण हा साधा मामला नाही. लेखी पेपरवर क्रमांक असतो, तोंडी गुण देताना समोर चेहरा असतो, आडनाव असते, बोलीचा हेल असतो. दिल्लीच्या एम्समधील जातिभेदाच्या तक्रारींसाठी २००६ मध्ये सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ च्या तिच्या अहवालातही प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेतील भेदभावाच्या तक्रारी पुढे आल्या होत्या. जिथे मोजमाप उघड नाही, तिथे पूर्वग्रहाला जागा मिळते.

इथपर्यंत दुसऱ्यांचे सांगितले. आता आमचे.

शिक्षण संपवून आम्ही परतलो आणि धानोऱ्यात दर रविवारी विहारात मुलामुलींसाठी असाच तास सुरू केला. आम्ही शहाणे, म्हणून नियम काहीच केले नाहीत. दोन महिन्यांत काय झाले? तीन मुलगे बोलायचे, तिघेही आमच्याच समाजाचे. दाराजवळ बसलेल्या गोंड मुली गप्प. एकीने गोंडीत काही विचारले, तर आमच्यातलाच एक म्हणाला, "मराठीत बोल ना." तास संपल्यावर मैत्रिणीने आम्हाला विचारले, "मला चार गुण देणाऱ्यात आणि तुमच्यात फरक काय?" आमच्याकडे उत्तर नव्हते. जो माणूस खाली दाबला गेला आहे, तोही आणखी खालच्याला दाबू शकतो. जातीची उतरंड अशीच टिकते हे आम्ही भाषणात सांगत होतो, आणि विहारात तेच करत होतो.

मग आम्ही मेंढ्याची पद्धत नीट समजून घेतली. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय थांबतो आणि पुन्हा बोलणे होते. शिवाय ग्रामसभा वेगळी आणि अभ्यासगट वेगळा. अभ्यासगटात समजून घ्यायचे, ग्रामसभेत ठरवायचे. यावरून सगळ्यांनी बसून नियम केले. मजकूर घरी वाचून यायची सक्ती नाही, पहिला अर्धा तास एकाने मोठ्याने वाचायचे आणि सर्वांनी ऐकायचे. मोबाईल वाचनासाठी चालेल. एकदा बोललेल्याने आणखी तिघे बोलेपर्यंत थांबायचे. प्रश्न गोंडीत चालेल, छत्तीसगढीत चालेल, उलथा करून सांगायची जबाबदारी गटाची. मोह, तेंदूपान आणि धानकापणीच्या दिवसांत हजेरी नाही. तास शेवटच्या बसआधी संपेल. आणि ज्या मताला विरोध आहे, ते मत आधी नीट मांडून मगच खोडायचे.

हा शेवटचा नियम बाबासाहेबांनाही लागू. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी पंचशीलावर टीका केली. माओचा पंचशीलावर विश्वास असता तर त्याने आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते, असा त्यांचा मुद्दा होता. १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडतानाही ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, असे त्यांनी दाखवले होते. एका मुलाने विचारले, मग शेजाऱ्यापासून धोका असेल तर खर्च कमी कसा करायचा? काहींना राग आला. पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनीच दिला आहे. प्रश्न विचारणारा मुलगा त्यांचे ऐकत होता, रागावणारे नव्हते.

आणि परराष्ट्र धोरणाचा आपल्याशी काय संबंध, असे आता कोणी म्हणत नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निवेदनाची विचारणा केली. २००१ मध्ये डर्बनच्या वंशभेदविरोधी परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न नेला, तेव्हा भारत सरकारने विरोध केला. २००७ मध्ये आदिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिले, पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८९ चा १६९ क्रमांकाचा करार अजून मान्य केलेला नाही. जंगलावर काही करायचे तर आधी गावाची संमती हवी की नको, हा प्रश्न जिनिव्हात आहे आणि धानोऱ्यातही आहे. हे आम्हाला त्या गोंड मुलींनी समजावले, आधी दाराजवळ बसणाऱ्यांनी.

सगळे सुरळीत झाले असे नाही. उलथा करताना वेळ जातो, वाचन निम्मे होते. सर्वात जास्त बोलणाऱ्या तिघांपैकी दोघांनी येणे सोडले. ते हुशार होते, त्यांची उणीव भासते. तरी नियम बदलायचे नाहीत, असे सर्वांनी ठरवले आहे.

विद्यापीठांकडे आमचे मागणे साधे आहे. सहभागाचे गुण कशावर दिले ते लेखी सांगा. बोलण्याऐवजी लिहून सहभाग घेण्याची मुभा द्या. मजकुराच्या छापील प्रती ग्रंथालयात ठेवा. माफीचे नियम लपवू नका, छापा. मराठीत, गोंडीत विचार करणाऱ्याला अज्ञानी समजू नका. आणि नियम करताना ज्यांना ते लागणार आहेत, त्यांना सोबत बसवा. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोलीत उभे राहिले. आमच्या जिल्ह्याच्या विद्यापीठाने ही सुरुवात केली तर आम्हाला अभिमान वाटेल.

आणि आमच्या कार्यकर्त्यांना एवढेच विचारायचे आहे: तुमच्या अभ्यासवर्गात दाराजवळ कोण बसते? ती शेवटची कधी बोलली होती?

जयभीम! जय सेवा!